आधी दगड, मग रंधा

हाताने सुतारकाम शिकायचंय असं कुणी म्हणालं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हत्यारं कोणती घेऊ? गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, पुण्याच्या भाच्याने विचारला, आणि एकदा तर माझे केस कापता कापता कातर थांबवून सलूनवाल्याने विचारला. उत्तर ऐकून सगळ्यांचाच चेहरा पडतो. मी म्हणतो, आधी दगड घ्या. धार लावायचा दगड. रंधा, पटाशी (लाकूड तासायची, खाच पाडायची छिन्नी), करवत सगळं नंतर.

मी स्वतः नेमका उलटा गेलो होतो. सुट्टीत व्हिडिओ बघून डोकं फिरलं आणि चार नंबरचा लोखंडी रंधा, पटाश्यांचा सेट आणि दोन करवती एकदमच मागवल्या. रंधा खोक्यातून काढला, सागाच्या तुकड्यावर ठेवला आणि ढकलला. व्हिडिओत लांबलचक रेशमी ढलपी गुंडाळत वर येते. माझ्याकडे घर्र असा आवाज आला, लाकडात खड्डा पडला आणि रंध्याच्या तोंडात भुगा अडकून बसला. आठवडाभर हेच. मला वाटलं लाकूड वाईट आहे. मग वाटलं रंधा वाईट आहे. मग, अर्थातच, आणखी महागातला रंधा शोधायला लागलो.

त्याच सुमारास सांगलीच्या टिंबर एरियात काम करणारे एक सुतारमामा आमच्याकडे दार दुरुस्त करायला आले होते. अंगणात माझा खेळ चाललेला बघून थांबले.

"मास्तर, ह्ये कापालंय का चावालंय?"

त्यांनी पातं बाहेर काढलं, अंगठ्याने आडवं चाचपून पाहिलं आणि हसले. "नवा बैल आणला म्हणून लगेच औताला जुपता व्हय?"

नवीन हत्यार कारखान्यातून घडवून येतं, कामाला तयार होऊन येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पात्याला जी धार दिसते ती मशीनवर दिलेला नुसता आकार असतो. खरी धार घेणाऱ्याने लावायची असते, आणि दर तास-दीड तासाच्या कामानंतर पुन्हा लावायची असते. त्यामुळे धार लावणं हे सुतारकामाच्या आधीचं काम नाही, ते सुतारकामातलंच आहे. लाकूड घासण्याइतकंच.

धार म्हणजे नक्की काय

दोन सपाट बाजू जिथे एकमेकींना भेटतात ती रेघ म्हणजे धार. पात्याची पाठ ही एक बाजू, आणि पुढचा तिरपा उतार ही दुसरी. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील आणि शेवटपर्यंत जाऊन भेटत असतील तर त्या रेघेला जाडी जवळजवळ उरतच नाही. बोथट पात्यात त्या भेटायच्या आधीच गोल होऊन वळतात. हा गोलवा डोळ्यांनी दिसतो, त्याला भिंग लागत नाही. पातं दिव्याखाली धार वर करून धरा. कडेवर पांढरा चमकता दोरा दिसला तर तिथे गोलवा आहे, कारण गोल पृष्ठभागच प्रकाश परत फेकतो. खरी धार काळी दिसते. म्हणजे खरं तर दिसतच नाही.

आता ज्वारीचा कडबा आठवा. धारदार विळ्याने त्याचं ताट, म्हणजे उभं धाट, कापलं की ते जागच्या जागी तुटतं. बोथट विळ्याने आधी वाकतं, मग चेपतं, मग चिरफाळून तुटतं. लाकडाचे तंतू असेच वागतात. धार नसेल तर पातं त्यांना कापत नाही, दाबतं आणि उपटतं. माझ्या फळीवरचे खड्डे म्हणजे उपटलेले तंतू होते.

धार लावायला निसणा किंवा तेलाचा दगड मिळतो, पण पहिल्या सहा महिन्यांसाठी दगड म्हणून मी सगळ्यांना काचच सांगतो. काचवाल्याकडून साधारण फूटभर लांबीचा, जाड काचेचा तुकडा कडा घासून आणायचा. त्यावर पाणी लावून वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) चिकटवायचा: ४०० नंबरचा, मग १००० चा, मग २००० चा. काच सपाट असते, पेपर स्वस्त असतो, आणि चूक झाली तर पेपर फाटतो, दगडाला खड्डा पडत नाही.

पहिलं काम पाठीचं. पातं उताण्या बाजूने काचेवर सपाट ठेवून धारेजवळचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत घासायचा. कंटाळवाणं काम आहे. पण एका पात्यासाठी ते आयुष्यात एकदाच करायचं असतं. पुढे पाठ फक्त हलक्या हाताने पुसायची.

मग उतार. कारखाना साधारण २५ अंशाचा उतार देतो आणि आपण अगदी टोकाशी ३० अंशाची बारीक पट्टी काढतो, म्हणजे सगळा उतार दर वेळी घासत बसावं लागत नाही. आता ३० अंश हाताने कसे धरायचे? मी गणित शिकवतो, त्यामुळे इथे मला जरा मजा आली. कंपासपेटीत ३०-६०चा गुण्या असतोच. तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून तिरका काप मारला की झाला कोन धरायचा आधार, पातं त्या उताराला टेकवायचं आणि तोच कोन हाताच्या लक्षात ठेवून घासायचं. दुसरी युक्ती त्रिकोणमितीतून येते. ३० अंशांचं साइन बरोबर अर्धं असतं. म्हणून सगळा उतार ३० अंशांचा असेल तर उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट भरते. ३ मिलिमीटर जाडीच्या पात्यावर ६ मिलिमीटर उतार मोजला तर कोन बरोबर. दहावीची पोरं "सर, हे साइन-कोसाइन पुढे कुठे लागतं" असं विचारतात, त्यांच्यासाठी मी आता वर्गात एक पटाशी घेऊन जातो. (टोकावर बूच लावून.)

उतार घासता घासता एक क्षण येतो. पाठीच्या बाजूने बोट धारेकडून बाहेर सरकवलं की बारीक खरखर लागते. ही धातूची पातळ कोर असते, उलट बाजूला वळून आलेली. ती लागली याचा अर्थ उतार शेवटपर्यंत पोचला, दोन्ही बाजू भेटल्या. पूर्ण रुंदीभर ती कोर लागल्याशिवाय पुढच्या पेपरवर जायचं नाही. नवशिक्यांच्या दहापैकी नऊ धारा इथेच फसतात, घाई होते. कोर आली की बारीक पेपरवर उतार, मग पाठ, मग पुन्हा उतार, असं दोन-चार वेळा हलकं फिरवायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मागे ओढत आठ-दहा हात. मामा तळहातावरच ओढतात. ते तुम्ही करू नका.

पारख कशावर? अंगावरचे केस कापून दाखवायची हौस सगळ्यांना असते, माझ्या डाव्या मनगटावर पहिले काही महिने केसच नव्हते. त्यापेक्षा पॅकिंगच्या खोक्याचं मऊ पाइन घ्या आणि त्याचं आडवं टोक पटाशीने तासा. मऊ लाकडाची टोकं बोथट पात्याखाली चुरगळतात. चकचकीत, मेणासारखा काप आला तर धार खरी.

एक सावधगिरी. गिरणीवरच्या किंवा विजेच्या सराणीवर (धार लावायच्या फिरत्या चाकावर) धार लावून घेताना पातं निळं पडलं तर त्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलं. साधारण २२०-२३० अंश सेल्सियसला पोलाद गवताच्या काडीसारखं पिवळसर दिसतं, ३०० च्या आसपास निळं, आणि निळं झालेलं टोक धार धरत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायला सांगा. माझी एक चांगली पटाशी अशीच एका दुकानात निळी होऊन परत आली, आणि वर त्याचे पैसेही मीच दिले.

मिरजेचे शिकलगार

या धारेच्या गोष्टीला आमच्या भागात एक सुंदर दाखला आहे. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज, आणि मिरजेचे सतार-तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम सुरू करणारे लोक मुळात सुतार नव्हते. ते शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी संपत आली आणि पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यांची दुरुस्ती हातात घेतली, मग वाद्यंच घडवायला लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यावर लाकडाचा गळा आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी) बसवायची. लोकांना यात धंदा बदलल्याचं आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. ज्याला धार कळली त्याला लाकूड कळायला वेळ लागत नाही.

लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी

आता लाकडाकडे. शिकणाऱ्याला लाकूड हा एकसंध, घट्ट पदार्थ वाटतो, साबणासारखा. तसा तो नाही. मघाचा कडबाच पुन्हा घ्या. लाकूड म्हणजे घट्ट आवळलेली, ताटं एकमेकांना चिकटलेली पेंढी. झाड उभं असताना यातल्या नळ्यांतूनच पाणी मुळापासून पानांपर्यंत चढत होतं. हे एक चित्र डोक्यात पक्कं बसलं की सुतारकामातले निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पेंढी उभी फाडायला सोपी, आडवी तोडायला अवघड. म्हणून सरपण कुऱ्हाडीने उभं फुटतं. म्हणून खुर्चीच्या पायात तंतू उभे धावले पाहिजेत, आडवे धावले तर पाहुणा बसल्यावर पाय मोडेल.

पेंढीच्या टोकाला नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथे फेविकॉल लावला तर नळ्या तो पिऊन टाकतात आणि जोड कमजोर राहतो. दोन फळ्यांच्या उभ्या कडा मात्र नीट रंधून चिकटवल्या तर जोड सुटण्याआधी शेजारचं लाकूड फाटतं. सुतार खाच आणि कुसू (भोक आणि त्यात बसणारी जीभ) काढत बसतात ते हौसेपोटी नाही, टोकाकडच्या जोडालाही उभे पृष्ठभाग मिळावेत म्हणून.

आणि पेंढी ओली झाली की ताटं फुगतात, लांब होत नाहीत. यावर पुढे येतो, कारण याच वाक्याने माझा एक पाट फोडला.

रंधा चालवण्याची दिशाही पेंढीतूनच कळते. फळीची बाजूची कड डोळ्यांसमोर धरा. रेषा पृष्ठभागाला समांतर क्वचित असतात, एका टोकाकडे त्या वर चढत पृष्ठभागावर येऊन संपतात. ज्या दिशेने त्या चढतात त्या दिशेने रंधा ढकलायचा. मग पातं ताटांची वर आलेली टोकं कापत जातं. उलट गेलात तर पातं ताटांखाली घुसतं, त्यांना पाचरीसारखं उचलतं आणि ती पुढे पुढे फाटत जातात. गाठीजवळ रेषा दोन्हीकडून येतात, तिथे काय करायचं? तिथे रंध्यातली दुसरी लोखंडी पट्टी मदतीला येते, पात्याच्या पाठीवर स्क्रूने आवळलेली असते ती. ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर आणून ठेवली की ढलपी उठल्या उठल्या कडक वळण घेऊन मोडते, आणि मोडलेल्या ढलपीला पुढचं लाकूड फाडायला जोर उरत नाही. मी पहिले काही महिने ही पट्टी नुसती पातं धरून ठेवायला असते असं समजत होतो.

बाकी रंध्यात गूढ काही नाही. पातं ४५ अंशांत बसवलेलं, तळ सपाट, तोंड अरुंद. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेले रोमन रंधे बघितले तर आजचा सुतार त्यावर लगेच हात ठेवेल. सुरुवातीला पातं तळातून अगदी जेमतेम बाहेर काढा, काहीच कापत नाही इतकं. मग स्क्रू किंचित फिरवत, ढलपी यायला लागेपर्यंत. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी ढलपी आली की थांबा. जाड ढलपी काढून काम लवकर होईल हा हिशेब चुकतो. पातं लवकर बोथट होतं आणि खांदा दुखतो तो वेगळाच.

शिसव, बाभूळ यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. आंबा स्वस्त मिळतो, पण रेषा उलटसुलट असतात आणि कीड लवकर लागते. साग सगळ्यात बरा. मात्र सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे तो पात्याची धार पटकन खातो. पुन्हा दगडाकडे.

करवतीबद्दल थोडंच सांगतो. लाकूड उभं फाडायच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे असतात, ताटाची टोकं एकेक खुडत जातात. आडवं कापायच्या करवतीचे दात चाकूच्या टोकासारखे, दोन्ही बाजूंनी ताट कापत जातात. दात आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला किंचित फाकवलेले असतात, नाहीतर काप करवतीपेक्षा अरुंद होऊन पातं अडकलं असतं. नवशिका करवत आवळून धरतो आणि दाबतो. चिमणी धरल्यासारखी धरा, तर्जनी सरळ पुढे, आणि करवतीच्या वजनालाच काम करू द्या. दाब द्यावासा वाटला तर दात बोथट झालेत.

सूत

मोजमापाचा एक शब्द वखारीत पाऊल टाकताच कानावर पडेल, सूत. एका इंचाचे ८ सूत. म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. पटाश्याही याच भाषेत मागायच्या, चार सुताची, सहा सुताची. लाकूड घनफुटावर मिळतं, आणि घनफूट म्हणजे १७२८ घन इंच, त्यामुळे खिशात कॅल्क्युलेटर ठेवा. (वखारीतला मुनीम तो हिशेब तोंडी करतो आणि तुमच्याकडे दयेने बघतो.)

सूत हा धागासुद्धा. सरळ रेघ मारायला रंगात बुडवलेला दोरा ताणून सोडतात, तो धागा हातात धरणारा तो सूत्रधार, आणि सुतार या शब्दाचं नातं त्याच्याशी. सांगलीत सूत्रधार म्हटलं की नाटक आठवतं, १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी पहिलं मराठी नाटक इथेच केलं. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, म्हणजे ते दोन्ही अर्थांनी सूत्रधार होते.

पण रेघ मारायची ती पेन्सिलीने नाही, चाकूने. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि सुतार त्या जाडीच्या कुठल्या बाजूला कापतो यावर जोड घट्ट की ढिला हे ठरतं. चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप टक करून बसते. गुण्या खरा आहे का हे तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही जुळल्या तर ठीक. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. मी हे शाळेतल्या लाकडी गुण्यांवर करून पाहिलं. जाऊ द्या.

पहिला जोड म्हणून खाच आणि कुसू घ्या. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, ते कुसू. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ठेवतात. दीड इंची लाकूड म्हणजे १२ सूत, त्याचा तिसरा हिस्सा ४ सूत, आणि चार सुताची पटाशी तुमच्याकडे आहेच. भोक पटाशीच्या रुंदीएवढंच पाडायचं म्हणजे बाजू आपोआप सरळ येतात. आधी भोक, मग त्याच्या मापाने कुसू, कारण कुसू तासून बारीक करता येतं, भोक बारीक करता येत नाही.

मोठं टेबल, महागडा शिकंजा यांच्यासाठी थांबू नका. आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून नांगर, पाभर, बैलगाडीची चाकं घडवत आले. मला मांडी घालून तास-दोन तास बसवत नाही म्हणून मी जुन्या पलंगाची जाड फळी भिंतीला टेकवून तिच्यावर एक आडवी पट्टी ठोकली आणि लाकूड तिला अडवून रंधतो. दोन क्लॅम्प घेतले. बस्स. एक गोष्ट मात्र पाळा, दुसरा हात कायम धारेच्या मागे. बोथट पटाशी घसरून माझ्या डाव्या तर्जनीला तीन टाके पडले. बोथट म्हणून जोर लावला होता आणि जोर लावला म्हणून ती घसरली.

पाट फुटला त्याची गोष्ट

पहिली वस्तू म्हणून मी पाट केला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, बारा इंच रुंद, अठरा इंच लांब, एक इंच जाड सागाची सुरेख फळी. खाली दोन आडव्या पट्ट्या. पट्ट्यांना भरपूर फेविकॉल, वर स्क्रू. म्हटलं, हत्ती बसला तरी हलणार नाही. बाप्पा त्यावर दहा दिवस बसले, सगळ्यांनी कौतुक केलं.

रामनवमीच्या दोन दिवस आधी दुपारी ठक्क असा आवाज आला. पाट मधोमध लांबीने तडकला होता. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

आता पेंढीचं ते वाक्य: ताटं फुगतात, लांब होत नाहीत. ताज्या तोडलेल्या लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांपर्यंत उतरलं की त्यानंतर लाकूड आकसायला लागतं. सुकलेलं लाकूडही हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेत-सोडत राहतं, पॉलिश मारलं तरी. पॉलिश वेग कमी करतं, थांबवत नाही. साग या बाबतीत सभ्य समजला जातो. ओला ते पूर्ण कोरडा या प्रवासात तो वर्षवलयांच्या दिशेने ५.८ टक्क्यांच्या आसपास आकसतो, आणि वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने अडीच टक्के. लांबीत जवळपास काहीच नाही. आता हिशेब करा. सांगलीच्या पावसाळ्यात घरातल्या लाकडात १४ टक्के पाणी धरलं आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात ८, तर ६ टक्क्यांचा फरक. ३० टक्क्यांत ५.८ आकसतं, तर ६ टक्क्यांत सव्वा टक्क्याला थोडं कमी. बारा इंचावर ते साडेतीन मिलिमीटर येतं. एक सूतभर.

माझी फळी रुंदीत एक सूत आकसू पाहत होती. खालच्या पट्टीत ताटं फळीच्या रुंदीच्या दिशेने धावत होती, म्हणजे पट्टीची लांबी बदलणार नव्हती. दोघांना मी फेविकॉलने जखडून ठेवलं होतं. फळीने सात महिने वाट बघितली आणि शेवटी सगळ्यात कमजोर रेषेत स्वतःला सोडवून घेतलं. आषाढात दार चौकटीत अडकतं आणि आपण "दार फुगलं" म्हणतो, ती हीच गोष्ट उलट्या दिशेने. जुन्या दारांत चौकटीच्या खाचेत फळ्या नुसत्या सोडलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात, ते यासाठीच.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी होतं. प्लायवूडच्या कपाटाचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. आजोबांची सागाची पेटी मात्र फुगली, झाकण दोन-तीन महिने उघडेना, आणि दिवाळीनंतर आपोआप उघडलं. तेव्हा मला हे चमत्कारासारखं वाटलं होतं. पेटीला हालचाल करायला जागा ठेवलेली होती, एवढंच.

पाट फुटल्यावर मी आजीचा जुना पाट माळ्यावरून काढून उलटा केला. त्याच्या खालच्या पट्ट्यांना ना खिळा ना स्क्रू. फळीत आडवी खाच, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि पट्टी त्याच आकाराची करून एका बाजूने सरकवलेली. पट्टी निसटत नाही, फळी वाकत नाही, आणि रुंदीत मात्र तिला हवं तसं हलता येतं. त्या खाचेला पुरेशी सफाई यायला मला अजून वर्ष लागेल. मामांनी तोवरचा उपाय सांगितला. पट्टीतलं मधलं भोक गोल ठेवायचं, कडेची दोन भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायची, स्क्रू आवळायचे पण करकचून नाही, आणि फेविकॉल लावायचाच असेल तर फक्त मधल्या दोन इंचात. फळी निवडताना टोकाकडून बघायचं. वर्षवलयं उभी दिसली तर ती फळी आडव्या वलयांच्या फळीपेक्षा निम्म्याहून कमी हलते. वखारीत अशी फळी शोधायला ढिगातल्या दहा फळ्या उलट्या कराव्या लागतात. मुनिमाला आधी नमस्कार करून घ्यावा.

दुसरा पाट मी मे महिन्यात केला. उभ्या वलयांची फळी, लांबट भोकं, आणि त्या आठवड्यात सहा वेळा लावलेली धार. खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि रुंदी लिहून ठेवली: बारा इंच. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजली तर बारा इंच आणि जेमतेम अर्धा सूत. मामा दुसऱ्या कामाने आले होते, त्यांना दाखवला. त्यांनी पाट उलटा केला, कडेच्या भोकात स्क्रू कुठवर सरकलाय ते नखाने चाचपलं, पुन्हा सुलटा केला आणि त्यावर बसून चहा प्यायले.